जलदेवीचा ल

३ जुलै, गुरुवार

आज पुन्हा तेच! "मॅडम, मागे जरा वारली टाका ना." बोर्ड कशाचा, तर पंक्चर काढायच्या दुकानाचा! मी म्हटलं, टायरचा आणि तारपा-नाचाचा संबंध काय? आमच्या मालकांनी, मेहुलभाईंनी, काउंटरवरून डोळे वटारले. टाकली मग. गोल करून नाचणारी माणसं आणि मधोमध टायर. गिऱ्हाईक खूश! "क्या आयडिया है!" म्हणाला. कप्पाळ माझं!

ठरवलंय – ह्या वहीत रोज एक तरी बघण्यासारखी गोष्ट लिहायची. अक्षर, छाप, लेबल, डाग, काहीही चालेल. नाहीतर ह्या बोईसरच्या फ्लेक्सच्या दुकानात माझे डोळे कुजतील. नऊ वर्षं पुण्यात अक्षरांचं काम केलं, दीड वर्षापूर्वी आईसाठी गावी परत आले, आणि आता करते काय? 'एकावर एक फ्री'! सकाळी साडेसातला शेअर रिक्षा, रात्री आठला परत. गावात मी फक्त झोपायला असते.

आजचं – एमआयडीसीच्या नाक्यावर एक टँकर उभा होता. पाठीवर कुणीतरी पत्र्याच्या साच्यातून 'ज्वलनशील' उडवलंय. उडवताना साचा सरकला असणार. प्रत्येक अक्षराला लाल सावली पडलीये. मुद्दाम करायला गेलं तर दोन दिवस लागतील, आणि तरी इतकं चांगलं होणार नाही.

४ जुलै

काही नाही. दिवसभर 'भव्य सेल'.

७ जुलै, सोमवार

आईच्या सुक्या मासळीत एक गोण सापडली. मूळची पेंडीची. गाईचं चित्र तीन रंगांत छापलंय आणि तिन्ही रंग तीन दिशांना गेलेत. निळी गाय पुढे, लाल गाय मागे, आणि मधे पिवळी कुठेतरी चरायला गेलेली. मी गोण उजेडात धरून बसले. आई म्हणाली, "गोन बघतेस का सोडे भरतेस?"

मग जेवताना माझ्या धाकट्या भावानं, रूपेशनं, बॉम्ब टाकला. नव्या बोटीचं नाव ठरलं – चंद्रकांता. आईचंच! आई लाजून लाल. "शी! देवीचं ठेव की रं. माजं कशाला?" पण चेहरा बघण्यासारखा होता. मला इतका आनंद झाला! 'चंद्रकांता' – दोन अनुस्वार, मधे तो द्र, शेवटी मोकळा काना. काय नाव आहे काढायला! मी म्हटलं, बोटींची नावं काढतात त्या धर्माजीकाकांना कधी सांगतोस?

तर हा पठ्ठ्या म्हणतो, "ताय, रेडियम लावू. तुज्याच दुकानात काप ना."

माझ्याच दुकानात! माझ्या आईचं नाव, चकाकणारं, कॉम्प्युटरमधल्या आयत्या फॉन्टमध्ये, आणि कापायचं मी! 

९ जुलै

उद्या गुरुपौर्णिमा. चौदा फ्लेक्स. एकावर गुरू लहान आणि शिष्य मोठा. मी विचारलं, तर मेहुलभाई म्हणाले, "तेजलबेन, ऑर्डर शिष्याची हाय."

१३ जुलै, रविवार

सुट्टी. पाऊस थांबला तसा किनाऱ्यावर गेले. सगळ्या बोटी वर ओढलेल्या, प्लास्टिकखाली झाकलेल्या. महादूमामाच्या 'जलदेवी'वरचं प्लास्टिक उडालं होतं, म्हणून गेल्या वर्षीचं नाव नीट बघायला मिळालं. अर्धा तास बघत उभी होते.

धर्माजीकाकांचा हात. गावातल्या झाडून सगळ्या बोटींवर चाळीस वर्षं ह्याच माणसानं नावं काढलीत. जुनी नावं मला पाठ आहेत. सरळ, ताठ, पट्टीनं आखल्यासारखी. वरची रेघ इकडून तिकडे सलग आणि अक्षरं तिला धरून लटकलेली, बांबूवर बोंबील वाळत घालतात तशी, एका मापाची. चांगलीच आहेत. पण 'जलदेवी'! तिथे त्यांनी रेघच सोडून दिलीये! ज-नंतर रेघ थांबते. ल तिच्या जरासा खाली, एकटा, अंग सैल सोडून उभा. त्याचा पहिला फुगा लहान, दुसरा इतका मोठा की आता फुटेल असं वाटतं, आणि दांडा किंचित तिरका. वी-ची वेलांटी तर कुठून निघते आणि कुठे जाते! पुण्यात आमचे सर कानीकपाळी ओरडायचे, "हात सोडा रे, हात सोडा!" तो हात असा सुटतो. सत्तरीला आल्यावर ह्या माणसानं सगळे नियम दर्यात फेकून दिले! मला हेवा वाटला, अगदी खरं सांगते.

आणि हे नाव काढलं कसल्या गोंगाटात! गेल्या वर्षी कामावर जाताना मी पाच मिनिटं थांबले होते. काका ब्रश घेऊन उभे आणि भोवती दहा-बारा बाप्ये. "काका, जरा वर!" "आता वळवा, वळवा!" "बस बस बस!" अरे, नाव काढताय की खाडीत बोट आणताय? एक माणूस जीव ओतून काम करतोय, त्याला दोन मिनिटं शांतता द्यायला काय जातं ह्यांचं? तेव्हाच डोकं सणकलं होतं. पण रिक्षा सुटत होती.

१४ जुलै

दुकानातून चार वाजता सटकले. कोरून छापायच्या लिनोच्या तुकड्यावर जलदेवीचा ल उलटा उतरवून कोरला. काळी शाई लावली, वर जाड कागद ठेवला आणि आमटीच्या डावानं घासघासून छाप घेतला. तिसरा छाप जमला. आई बघून म्हणाली, "येकच अक्शर? बाकीचं कदी लिवनार?"

तरी तिनं तो छाप देवघराशेजारी टाचणीनं लावला.

१८ जुलै, शुक्रवार

धर्माजीकाकांकडे जाऊन आले. ल-चा आणखी एक छाप काढून घेऊन गेले होते.

ओट्यावर बसले होते, ब्रश पुसत. ब्रश कोरडे, स्वच्छ, तरी पुसतच होते. मी सरळ मुद्द्यालाच हात घातला – काका, रूपेशच्या बोटीवर आईचं नाव काढायचंय. तुम्हीच काढायचं.

"हात चालत नाय आता."

"गेल्या वर्षी तर चालला!"

"पावसात रंग धरत नाय."

"पाऊस थांबेल की!"

"रूपेश रेडियम लावनार म्हनला ना? बरा असतो तो. टिकतो."

रेडियम बरं असतं! हे कोण म्हणतंय? धर्माजी पेंटर! मला तर रडूच यायला लागलं. मी छाप त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागदाची कड चाचपली, शाईवरून अंगठा फिरवला. "कागद जाड हाय. चांगला."

"अहो, अक्षर बघा ना! तुमचंच आहे. जलदेवीचा ल!"

"हां... तो."

मी म्हटलं, काका, तुमच्या आधीच्या सगळ्या बोटी एकीकडे आणि हा एक ल एकीकडे. असं अक्षर मी पुण्यातही बघितलं नाही. त्यांनी ल-वरून पुन्हा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "खरंच म्हनतेस?" म्हटलं, खोटं कशाला बोलू? माझा काय फायदा?

उठून आत गेले. छाप बरोबर घेऊन गेले. त्यांची सून नलूवहिनी दारात उभी होती. चांगली माणसं ही, लहानपणापासून मला जीव लावलाय, पण आज फणकाऱ्यानं म्हणाली, "कशाला आनलंस ते हितं?"

काय केलं मी? कौतुकच केलं ना? विचित्रच आहेत सगळे.

२० जुलै, रविवार

रूपेशशी कडाक्याचं भांडण.

"ताय, त्याना तरास नको देऊ."

"त्रास? त्यांचं काम आहे ते!"

"ऱ्हाऊ दे ना. रेडियम लावू. विषय संपला."

"का पण? का राहू दे? कारण सांग ना एक!"

तो जाळ्याची गाठ उगाच ओढत बसला. मी म्हटलं, मी सांगते कारण, तुला चकचकीत पाहिजे! बाकीच्या पोरांच्या बोटी चमकतात, तुझी का नको! माझ्याकडे कसातरीच बघत म्हणाला, "हां. तसंच समज."

तसंच समजले.

२२ जुलै

रूपेशनं दुकानाच्या मोबाइलवर ऑर्डर पाठवली – 'चंद्रकांता, पिवळा रेडियम, दोन नग'. मी मेसेज पुसून टाकला. मेहुलभाईंना कळलं तर नोकरीच जाईल. जाऊ दे!

आजचं – टेंपोच्या मागे 'पुन्हा भेटू'. भेटू-चा भे गंजून गेलाय.

२५ जुलै

सुचलं! सकाळी रिक्षात सुचलं आणि मी एकटीच हसले. शेजारची बाई सरकून बसली.

सत्कार करायचा! धर्माजीकाकांचा. शाल, श्रीफळ, सगळा गाव बोलवायचा आणि त्यांच्या हस्ते नव्या बोटीवर नाव. चारचौघांत नाही म्हणणार नाहीत. रूपेशलाही तोंड उघडता येणार नाही. एका दगडात दोन पक्षी! आणि त्यात वाईट काय आहे? चाळीस वर्षं ह्या माणसानं गावाच्या बोटींना नावं दिली. गावानं त्याला कधी एक नारळ तरी दिला का हातात?

रविवार, ३ ऑगस्ट. त्यानंतरच्या शुक्रवारी नारळी पौर्णिमा, त्याआधी रंग वाळेल.

२६ जुलै

सत्काराला फ्लेक्स लागतोच म्हणे. हातानं अक्षरं काढणाऱ्या माणसाच्या सत्काराला फ्लेक्स! लाजेनं मेले. पण आई म्हणाली, फ्लेक्स नाय तर लोकांना कळनार कसं कशाचा कार्यक्रम हाय? मेहुलभाईंनी फुकटात छापून दिला, अट एकच, खाली कोपऱ्यात त्यांचा फोटो. मी अक्षरं हातानं काढली, स्कॅन केली, मागे निळा सपाट रंग, बस्स. मेहुलभाई मान तिरकी करून बराच वेळ बघत होते.

"अच्छा हाय, तेजलबेन. पण खाली खाली लागते. मागे थोडी वारली टाक ने!"

२७ जुलै, रविवार

घरोघरी सांगून आले. मला वाटलं होतं, टिंगल करतील. कुणीच केली नाही! महादूमामा तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "चांगला करतेस पोरी. आमी सगले हाव ना. काकाला काय कमी नाय पडाचा." एवढं प्रेम ह्या गावात कुठे लपलं होतं?

मग धर्माजीकाकांना सांगायला गेले. आधी नको नको म्हणाले. मग म्हणाले, "सगले येतील?"

"सगळे येणार."

"महादूपन? उबा ऱ्हाईल ना बोटीशी?"

"सगळे उभे राहतील काका!"

"मंग बघू."

आहे हं हौस म्हाताऱ्याला! मनातल्या मनात हसले मी. माणूस कितीही मोठा असो, चार माणसं टाळ्या वाजवायला लागतातच.

३० जुलै

पालघरला रंग आणायला गेले. निळा आणि शेंदरी. दुकानाशेजारी रबरी शिक्के बनवणारा एक आहे. त्याच्या फळीवर सगळे शब्द उलटे लावलेले – 'रद्द', 'मंजूर', 'पोचले', 'खरी प्रत'. उलट्या 'खरी प्रत'चा फोटो काढला. परतताना रिक्षात भिजले, पण रंग कोरडा ठेवला.

१ ऑगस्ट

रूपेशनं बोटीला पांढरा हात मारला. नाक मुरडत, पण सुरेख मारलाय. माझ्याशी बोलत नाही. फक्त एकदा म्हणाला, "ताय, तू जवल ऱ्हा त्यांच्या." राहीनच की! मी नाही तर कोण?

३ ऑगस्ट, रविवार

आज नाही लिहिणार.

४ ऑगस्ट

कामावर गेले नाही. लिहून टाकते. डोक्यात ठेवून जगताच येणार नाही.

सगळे आले होते. बायका, पोरंटोरं, पलीकडच्या पाड्यावरचेसुद्धा. ऊन पडलं होतं. शाल झाली, नारळ झाला. काका पांढरा शर्ट घालून आले होते, नलूवहिनीचा हात धरून. मला वाटलं, वाळूत पाय रुततात म्हणून. फुलांपेक्षा त्यांचं लक्ष बोटीकडे. बोटीला डावा तळवा लावून पुढून मागे चालत गेले, परत आले, वितेनं मोजलं. मी मोबाइलवर सगळं चित्रीकरण करत होते. अंगावर काटा आला होता माझ्या.

मग ब्रश बुडवला आणि सुरू झालं ह्यांचं! महादूमामा – "काका, वाईच वर. हां." दुसरा कुणी – "आता सरल... सरल... वलवा!" चार-पाच जण एकदम – "बस!" च झाला. चांगला झाला. पुन्हा – "बोटभर फुडं या." "अजून." "आता टेकवा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षांचा हात आहे हा, आणि हे शहाणे त्याला वर-खाली शिकवतायत! आज, सत्काराच्या दिवशी! आणि माझ्या व्हिडिओत सगळा ह्यांचाच आवाज!

ओरडले मी. जिवाच्या आकांतानं ओरडले. "गप्प बसा सगळे! एक शब्द बोलायचा नाही कुणी! त्यांना काढू द्या!"

सगळे गप्प झाले. माझ्याकडे बघत राहिले. महादूमामानं तोंड उघडलं, तर मी त्याच्याकडे हात उगारला. हो, उगारला.

काकांचा ब्रश बोटीला टेकलेला, तिथेच थांबलेला. त्यांनी मान जराशी वळवली. थोडा वेळ वाट बघितली. मग हळूच म्हणाले, "कोन बोलत का नाय?"

आणि मी शहाणी! मी गोड आवाजात म्हणते, "काढा काका, निवांत काढा. आता कोणी त्रास देणार नाही."

काढलं त्यांनी. द्र काढला – बरोब्बर च-च्या अंगावर. च पुसून गेला. मग तळव्यानं चाचपायला गेले तर हात ओल्या रंगात. शेंदरी तळवा तसाच पांढऱ्यावर उमटला. का खाली खाली उतरत गेला, आणि त. मग बोटीचं टोक संपलं आणि ब्रश हवेत गेला. हवेत काना काढला त्यांनी. सगळ्या गावासमोर, हवेत.

कुणी बोललं नाही. मीच सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून.

नलूवहिनी आली, हातातून ब्रश काढून घेतला. "चला बाबा, पाऊस येतोय." आभाळात एक ढग नव्हता.

५ ऑगस्ट

तीन वर्षं झाली. काचबिंदू. मुंबईला नेलं होतं, उशीर झाला होता. आता फक्त उजेड आणि सावली कळते. गावातल्या वाटा पायांना पाठ आहेत म्हणून चालतात, त्यामुळे कळत नाही. कुणाला कळत नाही? मला! गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

रूपेशनं सांगितलं. न ओरडता सांगितलं, तेच जास्त लागलं. गेली दोन वर्षं सगळे असेच भोवती उभे राहतात. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही, एकानं सुरुवात केली आणि रीतच पडली. त्यांनी ब्रश धरायचा, ह्यांनी वाट दाखवायची. गेल्या वर्षीच्या नावांनंतर मात्र काका घरी रडले. नलूवहिनीनं सांगितलं म्हणून रूपेशनं रेडियम ठरवलं होतं. निदान आपल्या बोटीनं तरी त्यांना पुन्हा उभं करू नये म्हणून.

"मग मला सांगायचं ना!" मी किंचाळले.

"ताय, आमाला वाटलं तुला म्हायती हाय. म्हनून तर सत्कार करतेस असंच वाटलं सगल्यांना. आनि सांगायचं काय? गावात कोनी बोलतच नाय ते."

आणि मी? मी 'हात सुटलाय' म्हणून इथे पानभर लिहिलंय. नियम दर्यात फेकले म्हणे! आंधळ्या माणसाच्या चुकलेल्या रेघेवर मी लिनो कोरला, घासला, छापला, आणि वर त्याच्याच हातात नेऊन दिला. "अहो, अक्षर बघा ना!" असं म्हणाले मी त्यांना. बघा म्हणाले! उचलली जीभ, लावली टाळ्याला. अक्षरांची जाणकार! डोंबलाची जाणकार!

माणूस सोडून सगळं बघते मी. टँकर बघते, गोणी बघते, टेंपो बघते.

आईनं देवघराजवळचा छाप काढून ठेवला. मी काही न सांगता.

६ ऑगस्ट, बुधवार

रूपेशनं थिनरनं सगळं पुसलं. तळव्याचा ठसा जाता जात नव्हता, म्हणून वरून पुन्हा पांढरा हात मारला.

दुकानात जाऊन मी रेडियम कापलं. 'चंद्रकांता', पिवळा, दोन नग. मीच कापलं, मीच चिकटवलं, बुडबुडे येऊ नयेत म्हणून मीच पट्टी फिरवली. किनाऱ्यावरचे बाप्ये जाळी आवरत होते. एरवी "काय गो, आज सुट्टी?" तरी विचारतात. आज एकानंही मान वर केली नाही.

मेहुलभाईंनी विचारलं, "कार्यक्रम कसा झाला?" मी म्हटलं, झाला.

७ ऑगस्ट

बघण्यासारखं काही नाही. बघायचंही नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

दुपारी सोन्याचा नारळ निघाला, बँड, गुलाल. आई नवं लुगडं नेसून उभी होती. बोट पाण्यात उतरली तेव्हा आपलं नाव बघून रडली. चमकत होतं. चांगलंच दिसत होतं, खोटं कशाला लिहू? मी मागेच उभी राहिले. धर्माजीकाका आले नव्हते. गेल्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा आले नाहीत म्हणे. हे मला ऐकू जाईल असंच कुणीतरी बोललं.

 पुण्यातल्या जुन्या ऑफिसला मेल टाकलाय, जागा आहे का म्हणून. इथे कुठल्या तोंडानं राहू?

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी नलूवहिनी आली. "बाबांनी बोलावलंय." बस, एवढंच. गेले. 

काका ओट्यावर. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हातानंच थांबवलं. म्हणाले, "तुला ठावं नव्हतं ना?"

"नाही काका. शप्पथ."

"चिल्लावलीस तवाच समजलो मी." आणि हसले! "दोन वरसं सगले चांगला, चांगला म्हनतात. ते म्हननारच. तू तो कागद घेऊन आलीस, मला वाटलं हीपन त्यातलीच. पन तुला ठावंच नव्हतं. म्हंजे तू म्हनालीस ते खरं."

मी मान हलवली. मग लक्षात आलं, आणि मोठ्यानं म्हटलं, "खरं, काका. अगदी खरं."

त्यांनी उशाखालून तो छाप काढला, माझ्या हातात दिला.

"मंग सांग. कसा झालाय तो ल? मी कुटं बगितलाय."

मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि वरच्या रेघेपासून सांगायला लागले.